नव्या स्पोर्ट्स कारचे आगाऊ बुकिंग: टोकन किती घ्यावे?

रावपुरावासी

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यातील एका मोटारविक्री दालनात विपणनाचे काम पाहतो. आमच्याकडे पुढील वर्षी एक नवी दोन आसनी स्पोर्ट्स कार येण्याची शक्यता आहे. कंपनीने अद्याप घोषणा केलेली नसल्यामुळे गाडीचे नाव लिहिता येत नाही; किंमत एक कोटीच्या आसपास राहील असा अंदाज आहे, एवढेच सांगतो. गाडी दालनात उभी राहण्याच्या सहा ते आठ महिने आधीच बुकिंग सुरू करावे का, आणि करायचे झाल्यास ग्राहकाकडून किती रक्कम घ्यावी, याविषयी कंपनीने विक्रेत्यांची मते मागवली आहेत.

आमच्या दालनात यावरून सरळ दोन तट पडले आहेत. मालकांचे म्हणणे असे की ५१,००० रुपयांचे, केव्हाही परत मिळणारे टोकन ठेवावे. नावे भरपूर येतील, वर्तमानपत्रांना बातमी मिळेल आणि आलेल्या नावांतून पुढे ग्राहक शोधता येतील. विक्रीप्रमुखांना हे मुळीच मान्य नाही. दहा लाख रुपये, तेही परत न मिळणारे, अशी अट घातली तरच खरा ग्राहक कोण हे कळेल, अन्यथा गाडीसोबत फोटो काढून घेणाऱ्यांचीच यादी तयार होईल, असे ते म्हणतात.

मालक वारंवार महिंद्राचे उदाहरण देतात. ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग उघडले तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात एक लाख नोंदी झाल्या. टोकन २१,००० रुपयांचे होते आणि प्रारंभीची किंमत पहिल्या २५,००० ग्राहकांपुरतीच होती. परंतु ती सगळ्या घराला घेऊन जाणारी गाडी आहे. कोटीची, दोनच माणसे बसतील अशी गाडी घेऊ शकणारी घरे अलकापुरी, रेसकोर्स, वासणा-भायली अशा भागांत मोजकीच आहेत आणि ती बहुतेक एकमेकांना ओळखतात. एकाची नाराजी इतरांपर्यंत पोहोचायला एक नवरात्र पुरते.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत आगाऊ बुकिंगचा जाहिरात म्हणून खरोखर उपयोग होतो का, आणि टोकनची रक्कम कोणत्या आधारावर ठरवावी? जाणकारांनी उदाहरणांसह लिहिल्यास आभारी राहीन.

जुना_मोटारप्रेमी

आपल्या दालनातील दोन्ही पक्ष रकमेवर वाद घालत आहेत. माझ्या मते रक्कम हा दुसरा प्रश्न आहे. पैसे स्वीकारतेवेळी कंपनीने किंमत, यंत्ररचना आणि तारीख यांपैकी किती गोष्टी पक्क्या केल्या आहेत, हा पहिला. भरभक्कम रक्कम घेऊनही फजिती झाल्याचे आणि एक पैसाही न घेता गाडी यशस्वी झाल्याचे, असे दोन्ही दाखले स्पोर्ट्स कारच्या इतिहासात आहेत.

फजितीचा दाखला जॅग्वार एक्सजे२२० चा. ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी नमुना म्हणून मांडली गेली तेव्हा तिच्यात व्ही-१२ इंजिन होते आणि शक्ती चारही चाकांना जात होती. लोकांचा उत्साह पाहून कंपनीने ती मर्यादित संख्येने बांधण्याचे ठरवले आणि प्रत्येकी ५०,००० पौंडांची अनामत घेतली. त्या काळी ही रक्कम अगडबंब होती. तरीही सुमारे दीड हजार लोकांनी ती भरली, वास्तविक गाड्या बांधायच्या होत्या फार तर ३५०. आपल्या विक्रीप्रमुखांच्या कसोटीवर हे सगळे शंभर नंबरी ग्राहक ठरले असते. प्रत्यक्षात १९९२ मध्ये गाडी आली ती व्ही-६ टर्बो इंजिन घेऊन आणि केवळ मागील चाकांवर चालणारी. किंमत करारातच महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली असल्यामुळे ती वाढत वाढत ४,७०,००० पौंडांपर्यंत गेली. तोवर मंदी येऊन नावाजलेल्या जुन्या-नव्या गाड्यांचा सट्टा कोसळला होता. अनामत भरणाऱ्यांपैकी अनेकांना मुळात गाडी चालवायची नव्हती, रांगेतील जागा नफ्याने विकायची होती. त्यांनी हात वर केले, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी २८० च्या आसपास गाड्या बनल्या. गाडी म्हणून ती वाईट होती असे मुळीच नाही. ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे जाणारी ती त्या काळची अव्वल गाडी होती. परंतु पैसे एका गाडीसाठी घेतले आणि दिली दुसरीच, हा डाग तिला कायमचा लागला.

याच्या उलट उदाहरण पोर्शे ९१८ स्पायडरचे आहे. २०१० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिचा नमुना दाखवल्यावर कंपनीने पैसे घेतलेच नाहीत, केवळ गांभीर्याने घेऊ इच्छिणाऱ्यांची नावे मागितली. दोन हजारांहून अधिक नावे आली, त्यावरून संचालक मंडळाने जुलै २०१० मध्ये निर्मितीला मान्यता दिली आणि मागणी पुढील वर्षी, किंमत ठरल्यानंतर, नोंदवून घेतली. गाड्या ९१८ बांधायच्या ठरल्या होत्या आणि तेवढ्या विकल्या गेल्या. शेवटची डिसेंबर २०१४ मध्ये. येथे नावे घेणे आणि पैसे घेणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या हालोलमध्ये कारखाना असलेल्या एमजीनेही चीनमध्ये २०२१ साली सायबरस्टर या दोन आसनी स्पोर्ट्स कारसाठी अशीच चाचणी घेतली होती. पाच हजार लोकांनी प्रत्येकी १,००० युआन भरले तर गाडी बनवू, असे जाहीर केले गेले आणि तेवढे लोक मिळाले.

टेस्लाच्या दुसऱ्या पिढीच्या रोडस्टर या विजेवरील स्पोर्ट्स कारचे तर काय सांगावे? नोव्हेंबर २०१७ मध्ये ती दाखवली गेली, साध्या आरक्षणाला ५०,००० डॉलर आणि पहिल्या हजार विशेष गाड्यांसाठी पूर्ण अडीच लाख डॉलर आगाऊ मागितले गेले, गाडी २०२० मध्ये देऊ असे सांगण्यात आले. २०२५ संपेपर्यंत एकाही ग्राहकाच्या हाती किल्ली पडली नव्हती. गाडी दाखवली त्या २०१७ च्या वर्षअखेर टेस्लाच्या ताळेबंदात ग्राहकांच्या ठेवी सुमारे ८५ कोटी डॉलर होत्या. त्यातील मोठा भाग अर्थातच टेस्लाच्याच मॉडेल ३ या गाडीची वाट पाहणाऱ्यांचा, पण ग्राहकाच्या पैशावर कंपनी किती सहज विसंबू लागते हे त्यातून दिसते. ही सवय जुनी आहे. अमेरिकेत प्रेस्टन टकर यांनी १९४८ च्या सुमारास गाडी तयार होण्यापूर्वीच तिची सीट कव्हरे, रेडिओ आणि सामानाच्या पेट्या विकल्या आणि त्या घेणाऱ्याला गाडीच्या रांगेत जागा दिली. सरकारी चौकशी लागली. १९५० च्या जानेवारीत ते निर्दोष सुटले, पण तोवर कंपनी बुडाली होती आणि गाड्या बनल्या होत्या अवघ्या ५१.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. किंमत जाहीर झालेली नसेल तर पैसे घेऊच नका, नावे घ्या. किंमत, मॉडेल आणि तारीख लेखी देता येत असेल तर लाखभर घेतले काय किंवा पाच लाख घेतले काय, फारसा फरक पडत नाही.

कारेलीबागकर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे आणि ग्राहकाच्या बाजूने भर घालतो. माझा मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) छोटा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी मी एका परदेशी कंपनीच्या स्पोर्ट्स कारसाठी पाच लाख रुपये भरून नाव नोंदवले होते. कंपनीचे आणि दालनाचे नाव लिहीत नाही.

बुकिंगचा फॉर्म दोन पानी होता. पहिल्या पानावर गाडीचा देखणा फोटो, त्याखाली माझे नाव, पॅन क्रमांक आणि रंगासाठी एक चौकट. त्या चौकटीत विक्री प्रतिनिधीने पेनने ‘नंतर ठरेल’ असे लिहिले. डिलिव्हरीच्या रकान्यात महिना नव्हता, ‘अंदाजे ३ री तिमाही’ एवढेच होते आणि वर्ष कोणते ते कोठेच नव्हते. दुसऱ्या पानावर करड्या रंगातील बारीक अक्षरांत अटी छापलेल्या होत्या. ‘डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली एक्स-शोरूम किंमत ग्राहकास बंधनकारक राहील’ ही त्यांतील चौथी अट, आणि ‘पूर्वसूचना न देता वैशिष्ट्यांत बदल करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते’ ही पाचवी. मी सही करण्यापूर्वीच या दोन्ही अटींविषयी विचारले होते. ‘साहेब, ते सगळ्याच फॉर्मवर असते’, असे उत्तर मिळाले. ते खरेही आहे, हाच तर मुद्दा आहे.

पुढे रुपया घसरला, किंमत वाढली, आणि ज्या आवृत्तीसाठी नाव नोंदवले होते ती भारतात येणारच नाही, केवळ वरची आवृत्ती येईल, असे कळवण्यात आले. मी नकार दिला. पैसे परत मिळाले, पण दालन कंपनीकडे बोट दाखवत होते आणि कंपनी दालनाकडे. त्यात बरेच महिने गेले. मला राग आला तो किमतीचा नव्हे, कारण आयात गाडीची किंमत विनिमय दरानुसार बदलते हे धंद्यातल्या माणसाला समजते. पाच लाख रुपये देऊन मी स्वतःला बांधून घेतले आणि समोरच्याने मात्र स्वतःला कशातच बांधून घेतले नाही, याचा राग आला. आपल्या विक्रीप्रमुखांना एवढेच विचारा की ग्राहकाची रक्कम परत न देण्याची अट घालायची असेल तर दालन आपल्या बाजूने काय गमावायला तयार आहे?

हिशेबनीस

व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे फक्त पैशाच्या आणि कायद्याच्या बाजूपुरते लिहितो. विपणनातील मंडळी या बाजूचा विचार सहसा शेवटी करतात.

सर्वात महत्त्वाची गोष्ट ३६५ दिवसांची आहे. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या ठेवीविषयक नियमांनुसार, माल पुरवण्यासाठी घेतलेला ॲडव्हान्स हा ‘ठेव’ मानला जात नाही, परंतु तो स्वीकारल्यापासून ३६५ दिवसांच्या आत त्या मालाच्या पुरवठ्यापोटी जमा धरला जायला हवा. वर्ष उलटले, न्यायालयीन वाद नाही आणि गाडीही दिली नाही, तर तीच रक्कम ठेव ठरू शकते आणि मग ठेवी स्वीकारण्याचे सगळे कडक नियम मागे लागतात. हा नियम कंपन्यांना लागू आहे. आपले दालन भागीदारी संस्था असेल तर तिला तो या स्वरूपात लागत नाही. म्हणून पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार, हे पहिल्या दिवशीच ठरवा. आठ महिन्यांचे बुकिंग आणि त्यावर चार महिन्यांचा उशीर, एवढ्यात वर्ष भरते, हे ध्यानात असू द्या.

जीएसटीच्या बाबतीत दिलासा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून नियमित नोंदणीकृत विक्रेत्याला मालाच्या ॲडव्हान्सवर कर भरावा लागत नाही. तो बिल करतेवेळी लागतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की बुकिंग आणि डिलिव्हरी यांच्या दरम्यान कराचा दर बदलला तर ग्राहकाला नवा दर लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरील सेस जाऊन सरसकट ४० टक्के दर आला, तेव्हा हा बदल बहुतेकांच्या फायद्याचा ठरला, पण दर वेळी तसे होईल असे नाही. कर किंवा आयात शुल्क बदलल्यास फरक ग्राहकाचा, मात्र कंपनीने स्वतःहून मूळ किंमत वाढवल्यास तो फरक ग्राहकावर टाकणार नाही, अशी विभागणी करून अट लिहिली तर ती प्रामाणिकही होते आणि ग्राहकाला समजतेही.

दहा लाखांवरील गाडीवर विक्रेत्याने ग्राहकाकडून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर, गोळा करायचा असतो. ग्राहकाला तो आपल्या प्राप्तिकरात वळता करून घेता येतो, पण ऑन-रोड किमतीच्या कोष्टकात तो वेगळा दाखवा, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद होतो. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, हे आपल्या शहरात पुन्हा सांगण्याची गरज नसावी; तरीही सांगून ठेवतो.

आता ‘परत न मिळणारे दहा लाख’. करार कायद्याच्या कलम ७४ चे तत्त्व असे की करार मोडल्यास रास्त भरपाई मिळते, दंड म्हणून वाटेल ती रक्कम जप्त करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर अवाजवी अनामत मागणारा किंवा एकाच पक्षाला वाटेल तेव्हा करार संपवू देणारा करार ‘अन्याय्य करार’ म्हणून आव्हानास पात्र ठरवला आहे. त्याची तक्रार राज्य आयोगापुढे जाते, आणि ग्राहक राहतो तेथूनही ती करता येते. बरेच ग्राहक अशी गाडी फर्मच्या नावावर घेतात आणि तेव्हा ते कायद्याच्या अर्थाने ‘ग्राहक’ आहेत की नाहीत, असा वाद निघू शकतो. त्या वादाच्या भरवशावर अटी लिहिणे मात्र शहाणपणाचे नाही. ज्या गावात पन्नास घरांनाच ही गाडी विकायची आहे, तेथे खटला जिंकूनही दालन हरलेलेच असेल.

रावपुरावासी

सर्वांचे आभार. ३६५ दिवसांचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हता. तो मी आजच कंपनीला कळवला आहे.

आणखी एक शंका आहे. जॅग्वारच्या उदाहरणात रांगेतील जागा विकण्यासाठी नावे नोंदवणारे लोक होते. आमच्या वाट्याला गाड्या अगदी थोड्या येणार आहेत. गुजरातेत बुकिंगवर ‘ऑन’ घेण्याची परंपरा स्कूटरच्या काळापासून आहे. बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे तेव्हा नंबर लागलेल्या माणसाला त्यावर वरचे पैसे सहज मिळत. तसेच येथे होऊ लागले तर काय करावे? दुसरे असे की सायबरस्टर भारतात जुलै २०२५ मध्ये आली तेव्हा आधी नाव नोंदवलेल्यांना ७२.४९ लाख आणि नंतर येणाऱ्यांना ७४.९९ लाख, अशी किंमत ठेवली होती. मालकांना ही पद्धत फार आवडली आहे. आपले मत काय?

सुरसागरकाठ

मी पूर्वी अहमदाबादेत आयात गाड्यांच्या एका दालनात कोणत्या ग्राहकाला कोणती गाडी द्यायची, हे ठरवण्याचे, म्हणजे ॲलोकेशनचे, काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

सायबरस्टरची पद्धत मला योग्य वाटते, कारण तीत आधी येणाऱ्याला काहीतरी मोजता येण्याजोगे मिळते. अडीच लाखांचा फरक कोटीच्या ग्राहकाला फार मोठा नसतो, पण ‘मी थांबलो आणि त्याची किंमत कंपनीने ओळखली’ असे त्याला वाटते आणि तो ते चारचौघांत सांगतो. एवढीच जाहिरात तुम्हाला हवी आहे. अट एकच आहे, ती म्हणजे नंतर येणाऱ्याला महिनाभराने मागच्या दाराने तीच सवलत देऊ नका. सणासुदीला माल उरला की दालने हेच करतात आणि पहिला ग्राहक कायमचा तोडतात.

जागा विकण्याविषयी. फोर्डने २०१६ मध्ये जीटी या गाडीसाठी पैसे भरण्याची रांग लावलीच नाही, अर्ज मागवले. पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०६ अर्ज आले. आपल्याकडे आधी कोणत्या गाड्या आहेत आणि ही गाडी आपण चालवणार की झाकून ठेवणार, असे प्रश्न अर्जात होते आणि ज्यांना गाडी मिळाली त्यांनी २४ महिने ती विकायची नाही, असे लिहून दिले. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना याने ती अवधीआधी विकली म्हणून फोर्डने त्याच्यावर २०१७ मध्ये दावा लावला आणि पुढील वर्षी तडजोड झाली. जपानमध्ये टोयोटानेही नव्या लँड क्रूझरच्या वेळी वर्षभर न विकण्याची हमी ग्राहकांकडून घेतली होती. आपल्याकडे दालनाने असा दावा लढवत बसणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी बुकिंग अहस्तांतरणीय ठेवा, फक्त जोडीदार, आई-वडील, मुले आणि ग्राहकाची स्वतःची फर्म यांना नाव बदलण्याची मुभा द्या, आणि बिल ज्याच्या पॅनवर टोकन घेतले त्याच्याच नावे करा. एवढ्याने ‘ऑन’चा धंदा बराचसा थांबतो.

भारतात अलीकडे फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआयच्या वेळी एक वेगळी वाट काढली. मे २०२५ मध्ये बुकिंग करण्यापूर्वी ग्राहकाला एक ऑनलाइन प्रश्नमंजूषा सोडवावी लागत होती. पहिल्या १५० गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच संपल्या. त्याच वर्षी स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएसच्या फक्त १०० गाड्या आणल्या आणि त्याही किंमत कळण्यापूर्वी संपल्या. या दोन्ही सगळ्या घराला वापरता येण्याजोग्या गाड्या आहेत, तुमची दोन आसनी गाडी तशी नाही. तरी लहान खेप आणि तिचे ठरलेले ग्राहक हे सूत्र तुम्हाला लागू पडते. २०१८ पासून एका उत्पादकाला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या येथील स्वतंत्र प्रमाणीकरणाविना आणता येतात, म्हणून अशा लहान खेपा शक्य झाल्या आहेत.

आता बडोद्यापुरते सांगते. येथील ग्राहकाला ‘तिसरी तिमाही’ नको असते, त्याला दसरा, धनतेरस किंवा पुष्य नक्षत्र हवे असते. गाडीच्या इंजिनाविषयी विचारण्याआधी तो बडोद्याच्या जीजे-०६ या नोंदणी मालिकेतील आपला नेहमीचा नंबर मिळेल का, हे विचारतो. एकाच घरातील चार गाड्यांना एकच शेवटचा अंक असलेली घरे मी पाहिली आहेत. बुकिंगच्या वेळीच नंबरच्या ऑनलाइन लिलावात भाग घेण्याची तयारी दालनाने करून दिली, तर त्याला आपले काम सुरू झाल्यासारखे वाटते आणि थांबणे सुसह्य होते. दर महिन्याला एक फोन करा, गाडी बंदरात आली की फोटो पाठवा, सही करण्यापूर्वी एकदा तरी गाडी चालवायला द्या. पहिली गाडी कोणाला द्यायची यावरून मानापमान होणार असेल तर तिचा लिलाव करून पैसे दान करा. महिंद्राने २०२० मध्ये नव्या थारच्या पहिल्या गाडीचा असा लिलाव केला, ती १ कोटी ११ लाखांना गेली आणि रक्कम कोविड मदतकार्याला दिली गेली.

जुना_मोटारप्रेमी

सुरसागरकाठ ताईंच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, एका ठिकाणी मात्र मतभेद नोंदवतो. किंमत जाहीर होण्यापूर्वी गाड्या संपल्या, हे यश म्हणून सांगितले जाते; शंभर-दीडशे गाड्यांच्या बाबतीत ते मान्य करू. परंतु त्यावरून मागणीचा अंदाज बांधू नये. आपल्या शेजारच्या साणंदचा अनुभव आठवा. एप्रिल २००९ मध्ये नॅनोसाठी दोन लाखांहून अधिक लोकांनी जवळजवळ पूर्ण किमतीएवढी रक्कम भरून बुकिंग केले, पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडतीने करावी लागली आणि मागे राहिलेल्यांपैकी जे थांबले त्यांना ठेवीवर व्याज दिले गेले. अटी चोख होत्या, रक्कमही भरघोस होती. तरी साणंदचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाल्यानंतर त्या पहिल्या लाटेच्या जोरावर बांधलेला विक्रीचा अंदाज टिकला नाही. पहिल्या दिवशी येणारा माणूस हा त्या गाडीची वाट पाहणारा माणूस असतो. दुसऱ्या वर्षी येणारा कोण असेल हे त्याच्याकडून कळत नाही. कंपनीने आपल्या दालनाला बुकिंगच्या आकड्यावरून दुसऱ्या वर्षाचा कोटा गळ्यात मारू नये, एवढी काळजी घ्या.

रावपुरावासी

आज मालक आणि विक्रीप्रमुख या दोघांना समोर बसवून पुढीलप्रमाणे ठरवले. किंमत जाहीर होईपर्यंत फक्त नावे घ्यायची, पैसे नाहीत. किंमत जाहीर झाल्यावर नाव नोंदवलेल्यांना एकवीस दिवस आधी संधी द्यायची आणि तेव्हा दोन लाख रुपये, अर्थात बँकेमार्फत, घ्यायचे. मूळ किंमत आणि आवृत्ती फॉर्मच्या पहिल्याच पानावर, रंगाच्या चौकटीशेजारी छापायची. डिलिव्हरीचा महिना आणि वर्ष लिहायचे. त्या महिन्यानंतर साठ दिवसांत गाडी आली नाही, किंवा आवृत्ती बदलली, तर संपूर्ण रक्कम व्याजासह परत. ग्राहकाने स्वतःहून माघार घेतली तर गाडी त्याच्या नावे आयातीसाठी नोंदवण्यापूर्वी पूर्ण रक्कम आणि नंतर पंचवीस हजार वजा करून परत. विक्रीप्रमुख पंचवीस हजारांवर नाखूश आहेत, पण कारेलीबागकर साहेबांचा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा वाचून दाखवला आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

हिशेबनीस साहेब, यात काही राहून गेले आहे का?

हिशेबनीस

दोन गोष्टी राहिल्या आहेत. व्याजाचा दर आणि ते कोणत्या तारखेपासून मोजायचे हे आकड्यांत लिहा. ‘योग्य व्याज’ या शब्दांवर वाद हमखास होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टोकन दालनाच्या खात्यात जमा होणार आणि उशीर मात्र कंपनीमुळे होणार, अशी आपली रचना दिसते. तसे असल्यास व्याजासह परताव्याचा भार कंपनी उचलेल, असे कंपनीचे पत्र हाती आल्यानंतरच बुकिंग उघडा. ते पत्र मिळण्याआधी आपण फॉर्म छापलात, तर ग्राहकाला दिलेले वचन आपल्या मालकांना स्वतःच्या खिशातून पाळावे लागेल.